वाघ न दिसलेल्या पाहुण्यांसाठी

अध्यक्ष महाराज आणि श्रोतेहो, आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेवर ‘तीन दिवसांत गोंदिया जिल्हा’ असा छापला आहे, आणि तो मीच दिलेला असल्यामुळे जबाबदारी झटकता येत नाही. मात्र आराखडा सांगण्याआधी एका वाक्याचा समाचार घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. नागझिऱ्याच्या अभयारण्याच्या फाटकातून बाहेर पडणारा दर दुसरा पाहुणा ते उच्चारतो, आणि ज्यांच्या घरी दिवाळीत पुण्या-मुंबईचे नातेवाईक उतरतात त्या सर्वांनी ते ऐकलेले आहे. ते वाक्य म्हणजे, ‘काही दिसले नाही.’

माझे साडू पुण्याला असतात. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ते सहकुटुंब आले. सफारीचे आरक्षण महिनाभर आधी झालेले होते, कॅमेऱ्याला हातभर लांबीची लेन्स होती, आणि अंगावरचे कपडे इतके हिरवे होते की आमच्या गोठ्यातल्या गायीने त्यांच्याकडे दोनदा आशेने पाहिले. पिटेझरीच्या फाटकातून पहाटे आत गेलेली त्यांची जिप्सी उन्हे चढल्यावर परतली तेव्हा साडूंचा चेहरा निकालाच्या दिवशी नापास झालेल्या मुलासारखा होता. मी विचारले, काय काय पाहिले? उत्तर आले, काही दिसले नाही. वस्तुतः त्यांनी गव्यांचा कळप पाहिला होता, रस्ता ओलांडणारे रानकुत्रे पाहिले होते, आणि अस्वलाच्या नखांचे ओरखडे असलेल्या झाडाचा फोटोही काढला होता. पट्टेवाला तेवढा भेटला नव्हता. पावसाळा संपल्यावर जंगलात जागोजागी पाणी असते आणि गवत माणसाच्या कमरेइतके वाढलेले असते, त्यामुळे ज्याला वाघच पाहायचा आहे त्याने एप्रिल-मेच्या उन्हात पाणवठ्यावर यावे, हे मी त्यांना आधी कळवले होते. परंतु साडूंना कळवणे आणि साडूंनी ऐकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथील विवाहित श्रोत्यांना सांगणे नको.

परतीच्या वाटेवर गाडीचे चाक पंक्चर झाले. जास्तीचे चाक काढून पाहिले तर त्यातही हवा नव्हती. ड्रायव्हर एका मोटारसायकलस्वाराच्या मागे बसून, चाक मांडीवर घेऊन, साकोलीकडे रवाना झाला आणि आम्ही सहा माणसे एका गावतलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली दोन तास अडकून पडलो. हलका, म्हणजे लवकर तयार होणारा, धान कापून झाला होता; उशिरा येणारा जड धान उभा होता आणि त्याला शेवटचे पाणी द्यायचे होते. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ धोतर खोचून पाळीवरून खाली उतरले आणि छातीभर पाण्यात तुडुमाजवळ जाऊन उभे राहिले. साडूंनी विचारले, हे तुडुम म्हणजे काय? आपल्यापैकी जे गाव सोडून शहरात गेले त्यांच्या मुलांसाठी सांगतो, की पाळीच्या आतल्या अंगाला पायऱ्यांसारखी दगडी बांधणी असते, प्रत्येक पायरीला भोक असते आणि त्यात लाकडी बूच ठोकलेले असते. तलाव भरलेला असताना वरचे बूच काढायचे, पाणी उतरले की त्याखालचे. त्या गृहस्थांनी डोळे मिटून, केवळ पायाच्या अंगठ्याने चाचपून बूच शोधले, हातातल्या दांड्याने दोन ठोके दिले, आणि क्षणभर काहीच घडले नाही. मग आमच्या पाठीमागे, पाळीच्या पलीकडे, जमिनीच्या पोटातून घशात पाणी अडकल्यासारखा आवाज आला, पाटात गढूळ पाणी उसळले आणि पहिल्या बांधीचा, म्हणजे धानाच्या खाचराचा, धुरा (कडेचा बांध) ओला होऊ लागला. साडूंची धाकटी मुलगी त्या पाण्याच्या तोंडाबरोबर बांधीबांधीने धावत गेली. चाक येईपर्यंत तिने शिंगाडे सोलायला शिकून घेतले होते आणि कमळाच्या पानांवरून चालणारा लांब बोटांचा कमळपक्षी तिने मोठ्या लेन्सवाल्या वडिलांना दाखवला होता. रात्री जेवताना मात्र साडू फोनवर पुण्याला सांगत होते, नाही हो, काही दिसले नाही.

तेव्हापासून माझे म्हणणे असे आहे की आपल्या जिल्ह्यात पाहण्याची पहिली गोष्ट तलाव आहे आणि वाघ हा त्यानंतरचा योग आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून असे ६,००० हून अधिक मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेले, तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला त्याखालच्या जमिनीचा हक्क मिळत असे, आणि कोहळी समाजाने या विद्येत असे नाव कमावले की दोन टेकड्यांमधली खिंड दिसली की कोहळ्याच्या हाताला खाज सुटते, असे आमचे आजोबा थट्टेने म्हणत. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात आणि खालच्याचा बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, अशी ती साखळी असते. नवेगावबांधचा सुमारे ११ चौरस किलोमीटरचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. भोवतीच्या टेकड्यांना आपण सात बहिणी म्हणतो, आणि कोलू पाटलांचा लोकांनी कोलासुर देव केला. धरण बांधणाऱ्या अभियंत्याला देव करण्याइतके समाधानी लाभार्थी मी अन्यत्र पाहिलेले नाहीत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, आणि मग पाळीवरची झुडपे कोणी तोडायची हा प्रश्न गाव आणि कार्यालय यांच्यामध्ये लोंबकळत राहिला. कुठेही फोफावणाऱ्या बेशरमाच्या झाडाने तो आपल्या पद्धतीने सोडवला, हे आपण पाहतोच. या विषयावर मी आणखी बराच वेळ बोलू शकतो, परंतु अध्यक्षांची दुसरी चिठ्ठी आली आहे आणि पहिलीपेक्षा तिचे अक्षर मोठे आहे.

तेव्हा तीन दिवस, आणि तेही घाईने. पहिला दिवस नवेगावचा. रेल्वेने येणाऱ्याने गोंदिया-बल्लारशा मार्गावर देवलगावला उतरावे आणि पहिली संध्याकाळ फक्त पाळीवर काढावी. १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले जंगल दुसऱ्या दिवशीही तेथेच असते. सवड झाल्यास इटियाडोह धरण आणि प्रतापगड पाहावे. त्याच बाजूला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ती १९७० च्या दशकापासून आपल्या शेजारी धान पिकवते, हे शेजारच्या तालुक्यालाही फारसे ठाऊक नसते.

दुसरा दिवस नागझिऱ्याला द्यावा. हे अभयारण्य १९७० चे, आणि २०१३ मध्ये नवेगावसह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. आतल्या विश्रामगृहात वीज नाही. ती तक्रार नसून सोय आहे.

तिसऱ्या दिवशी उत्तरेकडे जावे. सालेकसा तालुक्यात दरेकसा स्थानकाजवळ हाजरा धबधबा आहे, पण तो सप्टेंबरपर्यंतच रुबाबात असतो. जवळच कचारगडच्या गुहा आहेत, जेथे माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. एरवी गेल्यासही ते देवस्थान आहे हे ध्यानात ठेवून आत शिरावे. धानाच्या बांध्यांत सारसाची जोडी दिसली तर गाडी रस्त्यावरच थांबवावी. हा पक्षी पुरुषभर उंच असला तरी त्याचे घरटे उभ्या पिकात, गवताच्या साध्या ढिगावर असते, आणि त्याच्याभोवतीचा धान न कापता सोडणारे शेतकरी या जिल्ह्यात आहेत. त्यांना विचारल्याशिवाय धुऱ्यावर पाऊल ठेवू नये.

आणि पाहुणे भाऊबीजेनंतर आले असतील तर चौथा दिवस मंडईसाठी, म्हणजे आपल्याकडच्या गावजत्रेसाठी, काढावा. कोणत्या गावची मंडई कधी आहे ते चहाच्या टपरीवर कळते. रात्री झाडीपट्टीचे, म्हणजे आपल्या या पूर्व विदर्भाचे, नाटक असते, ते दहा-अकराला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. सोबत जाड चादर असावी, कारण नाटक सुटते तेव्हा बाहेर दहिवर पडलेले असते आणि पहिल्या एसटीला आणखी तासभर अवकाश असतो. गेल्या वर्षी साडूंनी ती माझ्याकडून मागून नेली. अजून परत केलेली नाही.