झाकण बसलं पाहिजे

[चाक फिरतंय. पडद्यावर फक्त एका मुलीचे दोन हात.]

दोन किलो स्टोनवेअर माती, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची, मळून झालेली. गोळा तारेने मधोमध कापून ती कापलेली बाजू बघते. एक बुडबुडा आहे, म्हणजे पुन्हा मळणं आलं. बुडबुड्यामुळे भांडं भट्टीत फुटतं असं सर्रास सांगितलं जातं, पण फोडतो तो आत राहिलेला ओलावा. बुडबुड्याचा त्रास चाकावरच होतो. भिंत वर ओढताना बोट तिथे अडखळतं आणि अख्खं भांडं लचकतं.

तिची बारावी झाली आहे, आता कला महाविद्यालयात सिरॅमिक्स शिकायचंय. पोर्टफोलिओसाठी, म्हणजे स्वतःच्या कामाच्या संग्रहासाठी, तिने विषय घेतलाय लोणच्याची बरणी. विषय साधा वाटतो, पण बरणीला झाकण असतं आणि सगळी परीक्षा त्या झाकणात आहे.

तयार बरणी 20 सेंटिमीटर उंच हवी. ही माती ओली असल्यापासून शेवटच्या भाजणीपर्यंत 12 टक्के आटते. नवशिका 20 मध्ये 12 टक्के मिळवतो, 22.4 काढतो आणि बरणी आखूड पडते. 20 ला 0.88 ने भागायचं असतं, उत्तर 22.7. वहीत हा आकडा दोनदा गिरवलेला आहे.

[तळावर दाबत जाणारं बोट.]

आधी तळ, काठाकडून मध्याकडे दाबत. हे राहिलं तर वाळताना तळाला नागमोडी चीर जाते आणि ती ग्लेझने, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाने, झाकली जात नाही. मग भिंत, मग तोंडाच्या आतल्या बाजूला झाकण टेकायची खाच. कॅलिपरने (दोन पायांच्या मापकाने) माप घेऊन झाकण त्याच मातीचं, त्याच दिवशी, मिलीमीटरभर सैल. एका बरणीला झाकणं दोन करायची, एक वाकडं होणार हे धरूनच.

वाळवताना झाकण बरणीवरच. वेगळं ठेवलं की पातळ काठ आधी वाळतो आणि वर उचलला जातो. मुंबईच्या पावसाळ्यात तळ तासण्याइतकी घट्ट व्हायला तीन-चार दिवस जातात. मे महिन्यात संध्याकाळपर्यंतही थांबलं तर उशीर होतो.

[ती बरणी गालाला लावते.]

गार लागली. म्हणजे आत अजून पाणी आहे. भट्टी उद्या.

पहिली भाजणी 1000 अंश सेल्सिअसपर्यंत. सुरुवातीचे काही तास 90 च्या खालीच, वाफ सावकाश निघावी म्हणून. 573 अंशांना मातीतल्या क्वार्ट्झची (वाळूतल्या खनिजाची) रचना बदलते आणि तो एकदम फुगतो, निवताना तसाच आक्रसतो. तिथे घाई केली की तडा.

ग्लेझ चार घटकांचं: फेल्डस्पार 40, क्वार्ट्झ 30, चॉक 20, चिनी माती 10. त्यावर 8 टक्के लोह ऑक्साइड, बरणीच्या ओळखीच्या तपकिरीसाठी. कोरडी पूड मोजताना मास्क हवाच, सिलिकाची धूळ फुप्फुसात साठते. बुडवणं तीन आकडे मोजेपर्यंत. खाचेला आणि झाकणाच्या काठाला ग्लेझ नाही. झाकण चिकटू नये म्हणून तिथे मेणात कालवलेली न वितळणारी पूड, अ‍ॅल्युमिना.

[ड्रॉइंग बोर्ड. पेन्सिल.]

गंमत म्हणजे महाराष्ट्राच्या कला सीईटीत, म्हणजे कला महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेत, मातीला हातही लावायचा नसतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान. 1857 साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टपर्यंत पोचायचं स्वप्न बघणाऱ्यांनी वर्षानुवर्षं हेच विषय घोटले आहेत. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) सिरॅमिक आणि काचेचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, त्याची प्रवेशपरीक्षा वेगळी.

पण चाकावरचे तास वाया जात नाहीत. वस्तुचित्रात भांडं येतंच. बहुतेकांची लंबवर्तुळं दोन्ही टोकांना टोकदार होतात, आणि तळ सरळ रेघेने संपतो. डोळ्यांच्या पातळीखाली ठेवलेल्या भांड्याचा तळ तोंडापेक्षा जास्त गोल दिसतो. तळ दाबत बसलेल्या मुलीला हे सांगावं लागत नाही.

पोर्टफोलिओत चकचकीत फोटो कमी असले तरी चालेल. तडकलेली बरणी उभी कापून काढलेला फोटो आणि शेजारी भिंतीची जाडी, वर 5 मिलीमीटर, खाली 11, हे पान जास्त बोलतं. असली पानं मुलं लाजून फाडून टाकतात, ते चूक.

[भट्टीचं दार.]

दुसरी भाजणी 1260 पर्यंत. आता तापमान 200 वर आलंय आणि दार उघडायचा मोह आवरत नाही. आत्ता उघडलं तर टिंग-टिंग आवाज येईल, ग्लेझवर केसासारख्या रेषा पडतील आणि त्यांतून लोणच्याचं तेल झिरपेल. ती थांबते. उघडते दुसऱ्या दिवशी.

एक झाकण चिकटलंय. लाकडी दांड्याने काठावर हलके टोले, बरणी फिरवत, पुन्हा टोले. सुटलं. बसवून बघते, डुगडुगतंय. ती फळीवरचं दुसरं झाकण उचलते.