पिवळ्या पानाची ओळख

संगणकाच्या पडद्यावर दिसणारी सोयाबीनची दोन पाने दुरून सारखीच पिवळी वाटतात. जवळून पाहिले, तर एकाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग फिकटला आहे, आणि दुसऱ्यावर हिरव्या-पिवळ्या रंगाचे वेडेवाकडे चट्टे विखुरले आहेत. पहिल्याला चुनखडीच्या जमिनीत लोह मिळालेले नाही; दुसऱ्यावर पांढऱ्या माशीने पसरवलेला पिवळा मोझॅक आहे. पहिल्यासाठी फेरस सल्फेटची फवारणी सुचवली जाते, दुसऱ्याचे झाड उपटून नष्ट करावे लागते. जाणता शेतकरी बांधावरून चालता चालता हा फरक ओळखतो. तोच यंत्राला शिकवणे हे शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनाचे एक मोठे काम आहे.

पिवळ्या पानांशी परभणीचे नाते जुने आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाने, म्हणजे आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने, पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला दाद न देणारा भेंडीचा ‘परभणी क्रांती’ हा वाण दिला. पुढे जागतिक बँक आणि भारतीय कृषी संशोधन परिषद यांच्या साहाय्याने चाललेल्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पात याच विद्यापीठाकडे रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित वाहनांच्या आधारे डिजिटल शेतीचा विषय आला.

संगणकाला पान दिसत नाही, दिसतात ते आकडे. २२४ बाय २२४ ठिपक्यांच्या एका रंगीत छायाचित्राचे दीड लाखाहून अधिक आकडे होतात, आणि कोणते पान कशाचे हे आधी माणसाने नोंदवून दिल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ येत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ५४,३०६ छायाचित्रांच्या संग्रहावर शिकवलेल्या प्रणालीने त्याच संग्रहातील राखून ठेवलेली पाने ९९ टक्क्यांहून अधिक अचूक ओळखली. वेगळ्या परिस्थितीत टिपलेली छायाचित्रे समोर येताच ती अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. संग्रहातली पाने खुडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली होती. आपल्या शिवारात पानावर धूळ असते, दुपारचे ऊन असते, शेजारच्या तुरीची सावली असते. म्हणून परभणीच्या पानासाठी परभणीच्याच शेतात कॅमेरा न्यावा लागतो, आणि या कामाला जवळची वाट नाही.

रोबोट म्हटले की हात-पाय हलवणारा लोखंडी माणूस डोळ्यांपुढे येतो. शेतातला रोबोट बहुधा चाकांवरचा एक सांगाडा असतो. सोयाबीनच्या दोन ओळींत शिफारशीप्रमाणे ४५ सेंटीमीटर अंतर असते, तर मोबाइलमधील जीपीएसची चूक काही मीटरची, म्हणजे पाच-सहा ओळींची असू शकते. त्यामुळे जागा नेमकी ठाऊक असलेले एक स्थिर केंद्र उभारून तिथून सतत दुरुस्ती पाठवली जाते, तेव्हा कुठे चूक काही सेंटीमीटरवर येते आणि कोळपणी करताना, म्हणजे ओळींमधले तण काढताना, पीक वाचते.

खरी परीक्षा काळ्या जमिनीची. तिच्यातील चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसानंतर वाफसा येण्याआधी, म्हणजे जमीन पुरेशी सुकण्याआधी, वाहन घातले, तर चाके घसरतात, आणि फिरलेली चाके मोजून अंतर काढणारी प्रणाली आपण पुढे गेलो असेच समजत राहते. अशा वेळी चाकांना लागलेला चिखल खरवडायला जवळ खुरपेच लागते.