एक हजार एक नळ्या, सगळ्या लाकडाच्या

नमस्कार. डेन्मार्कमधल्या हिलेरोड गावात फ्रेडरिक्सबोर्ग नावाचा किल्ला आहे. त्याच्या चॅपेलमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, १६१० साली बनलेला पाईप ऑर्गन (हवा फुंकून नळ्यांतून सूर काढणारं वाद्य) आहे आणि तो आजही वाजतो.

बनवणारा एसायास कोम्पेनिउस. त्याने हा जर्मनीत, ब्राउनश्वाइगच्या ड्यूकसाठी घडवला. ड्यूक वारल्यावर त्याच्या विधवेने, एलिझाबेथने, तो आपल्या भावाला, म्हणजे डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिश्चन याला देऊन टाकला. १६१७ साली कोम्पेनिउसने स्वतः तो इथे उभा केला आणि त्याच वर्षी कोम्पेनिउस वारला.

आता नळ्यांकडे बघा. २७ स्टॉप (एकाच जातीच्या आवाजाचे नळ्यांचे संच), १००१ नळ्या, आणि एकूण एक लाकडाच्या! एरवी ऑर्गनच्या बऱ्याचशा नळ्या कथलाच्या नाहीतर शिशाच्या असतात. इथे समोरच्या नळ्यांवर हस्तिदंत मढवलाय, पण आत लाकूडच. त्यामुळे आवाज कसा येतो, तर गोल, मऊ, जवळून बोलल्यासारखा.

कीबोर्डवरची पट्टी दाबली की लाकडी काड्यांची ओढ थेट झडपेपर्यंत पोचते. झडप उघडते आणि भात्यातली हवा नळीत शिरते. मध्ये वीज नाही, काही नाही. वाजवणाऱ्याच्या बोटाला झडप सुटल्याचं कळतं.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती याची सुरांची जुळवणी. आजच्या पियानोवर गंधार (सा-रे-ग मधला ग) किंचित चढा असतो, इथे गाण्याच्या बहुतेक पट्ट्यांत षड्ज-गंधार अगदी शुद्ध मिळतात. त्याची किंमत अशी, की काही दूरच्या पट्ट्यांत सूर कर्कश भांडतात. ‘सुधारणा’ म्हणून ही जुळवणी बदलणं सोपं असतं. अनेक जुन्या ऑर्गनांचं तसंच झालं, आणि मग जुनं संगीत त्यांच्यावर नीट वाजेनासं झालं.

मधल्या काळात हा ऑर्गन चॅपेलमधून हललाही. १८५९ च्या आगीत किल्ल्याचा मोठा भाग जळाला, हा वाचला. १८९५ मध्ये फेलिक्स राइनबुर्गने दुरुस्ती केली, पुढे १९८५ ते ८८ मध्ये माड्स क्येर्सगोरने.

लाकडी ऑर्गनची दुरुस्ती म्हणजे चिकाटीचं काम. लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगतं, कोरडेपणाने आकसतं, कीड लागते, चीर पडते. बारीक चिरेतून हवा गळली की सूर डळमळतो, आणि चीर बुजवताना नळीच्या ओठाला, म्हणजे जिथे हवा आदळून सूर निघतो त्या कडेला, जरासा धक्का लागला तर तिचा स्वभावच बदलतो. म्हणून मी तर म्हणेन, चांगला कारागीर तो, जो शक्य तितकं कमी करतो.

याचं रेकॉर्डिंग मिळालं तर हेडफोन लावून ऐका, आणि आधी गंधार पकडा.