लाल आकडा आणि डाव्या चाकाची हवा

मंडळी, आजचा विषय अलाइनमेंटच्या, म्हणजे गाडीच्या चाकांचे कोन मोजल्याच्या, कागदावरचे तीन आकडे, टो, कॅम्बर आणि कॅस्टर. टो म्हणजे वरून बघितलं तर चाक आत-बाहेर किती वळलंय. कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं तर चाकाचा माथा किती कललाय, आत असेल तर उणे, बाहेर असेल तर धन. कॅस्टर म्हणजे बाजूनं बघितलं तर पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं तो मागं किती कललाय. पण आधी आमच्या मेव्हण्यांच्या गाडीचं सांगतो. त्याशिवाय मी एवढा का चिडतो ते तुम्हाला कळायचं नाही.

खंबाटकी उतरून ते साताऱ्यात आले आणि एका ठिकाणी अलाइनमेंट करून घेतलं. कागदावर मागच्या उजव्या चाकाचा कॅम्बर उणे १.६, लाल रंगात. मर्यादा उणे १, त्यात अर्धा अंश कमी-जास्त. म्हणजे उणे १.५ पर्यंत चालतं. एक दशांश बाहेर, आणि सल्ला काय, तर मागचा ॲक्सल बदला! बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे दोन्ही चाकं जोडणारा सलग बीम असतो, तोच हा ॲक्सल, कॅम्बर फिरवायला बोल्टच नसतो. कॅम्बर तेवढा जुळवता येत नाही, म्हणून अख्खा ॲक्सलच बदला. मेव्हणे घरी आले ते बायोप्सीचा रिपोर्ट हातात असल्यासारखे. हसताय, पण तुमच्यातल्या किती जणांनी असा खर्च निमूट केलाय?

मी गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या डाव्या टायरात हवा कमी. आता नीट ऐका, सगळी गोम इथंच आहे. डावं चाक पाच मिलिमीटर खाली बसलं, की बीम डावीकडं कलतो. दोन चाकांत साधारण १४०० मिलिमीटर अंतर, म्हणजे कल ०.२ अंश. डाव्या चाकाचा माथा बाहेर जातो, उजव्याचा आत. दोष डावीकडं आणि लाल आकडा उजवीकडं! डावीकडं उणे १.२ होतं, ते हिरवं, म्हणून तिकडं कुणी बघितलंच नाही. हवा भरून पुन्हा मोजलं, दोन्हीकडं उणे १.४. खर्च शून्य.

म्हणून माझं म्हणणं, लाल आकडा दिसला की आधी हवा, डिकीतलं ओझं, आणि चाकाच्या सांध्यांतला, म्हणजे बॉल जॉइंट आणि रबरी बुशमधला, प्ले म्हणजे ढिलेपणा बघा. मग पुन्हा मोजा. स्पॅनर त्यानंतर.

घड्याळाकडं खूण होतेय, तेव्हा मुख्य मुद्दा भराभर. कॅम्बर थोडा बाहेर, पण दोन्हीकडं सारखा आणि टायर एका कडेनं झिजत नाही? गाडी चालवा. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर मात्र कारण शोधा. पुढं कॅम्बर ज्या बाजूला जास्त धन, तिकडं गाडी ओढते. कॅस्टरचं उलटं, कमी असेल तिकडं ओढते. मागं पोती भरली की कॅस्टर वाढलेला दिसतो, म्हणून गाडी रिकामी करून मोजा.

टोला मात्र सवलत नाही. ०.२ अंशाची चूक म्हणजे चाक दर किलोमीटरला साडेतीन मीटर आडवं जायला बघतं. टायर खाणारा खरा हाच, आणि टाय रॉडवर, म्हणजे स्टीअरिंगकडून पुढच्या चाकाला जाणाऱ्या दांड्यावर, तो जुळवताही येतो. कागदावर आकडा मिनिटांत आहे की अंशात, तेही बघा. १२ मिनिटं म्हणजेच ०.२ अंश.

ज्यांनी कागद आणलेत, ते बाहेर व्हरांड्यात दाखवा. टायरच्या झिजेचा फोटो असेल तर तोही आणा, नुसत्या कागदावरून मी काही सांगणार नाही.