कापलेलं जाळं

[दृश्य: रत्नागिरी, मांडवीची जेटी. आषाढातली संध्याकाळ. आधी नुसता लाटांचा आवाज, मग चित्र.]

रत्नागिरीत दोन समुद्र आहेत. किल्ल्याच्या एका अंगाला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला हा काळा. इथल्या वाळूत इल्मेनाइट नावाचं जड, काळं खनिज आहे. ओल्या पायांना ही वाळू चिकटली की घरी पोचेपर्यंत निघत नाही.

आम्ही इथेच बसायचो. सात-आठ जण, अंगावर काळे कपडे, डोळ्यांत काजळ. पावसाळ्यात काजळ टिकत नाही आणि काळा कपडा वाळत नाही. वाळलाच तर काखेशी पांढरी बुरशी धरतो. तरी आम्ही यायचो. भेळवाल्याकडे आलेली माणसं वळून बघायची. "काय गो, कोणी गेलं काय?" असं अगदी काळजीनं विचारायची. एक आजी आमच्यातल्या एकाला म्हणाली होती, "मेल्या, संकासुर झालास काय?"

आजीला बरोबर दिसलं होतं. शिमग्याच्या खेळ्यांत संकासुर येतो तो काळ्या कपड्यांत, डोक्यावर उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. पोरं त्याला बघून आईच्या पदराआड लपतात आणि त्याच पोरांच्या आया त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालतात. काळ्या कपड्यातल्या माणसाला कोकण कधीच बिचकलेलं नाही. घाबरत आम्हीच होतो, घरच्यांना.

आम्ही गॉथ संगीत ऐकायचो. हे संगीत इंग्लंडात १९७० च्या दशकाच्या अखेरीला पंक या बंडखोर रॉक संगीतातून फुटून निघालं. नॉर्थॅम्प्टनच्या बाउहाउस या बँडचं १९७९ मधलं पहिलंच गाणं साडेनऊ मिनिटांचं आहे. आधी बराच वेळ नुसती ढोलाची टकटक आणि तिचा घुमणारा प्रतिध्वनी, मग बेस, म्हणजे खर्जातली गिटार, उतरतो आणि माणसाचा आवाज त्याच्याही मागून येतो. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह नावाचा क्लब सुरू झाला, आणि काळे कपडे, जाळीचे मोजे, पांढरे चेहरे ही या गाण्यांची ओळख होऊन बसली. मी ते साडेनऊ मिनिटांचं गाणं पहिल्यांदा ऐकलं ते ठाण्याच्या खोलीत, नोकरीच्या पहिल्या वर्षी, गावची फार आठवण येत होती तेव्हा. ती टकटक मला पागोळ्यांसारखी वाटली. आजही वाटते.

[दृश्य: आंब्याची पॅकिंग शेड. चिऱ्याच्या भिंती, पत्र्याचं छप्पर. कोपऱ्यात रिकामी खोकी आणि पेंढा.]

आमचा पहिला कार्यक्रम या शेडमध्ये झाला. आंब्याचा हंगाम संपला की जूनपासून शेड ओस पडते. शेड ताईच्या मामांची. ताई म्हणजे आमच्यातली सगळ्यात मोठी. दिवसा औषधाच्या दुकानात काम करते, संध्याकाळी कपडे शिवते. आमचे निम्मे काळे झगे तिच्याच मशीनवर झालेत. जुन्या साड्या आणून द्यायचो. ती मोठ्या पातेल्यात पाणी उकळून, मीठ घालून त्या काळ्या रंगवायची. पातेलं परत स्वयंपाकाला चालायचं नाही, म्हणून तिनं ते स्वतःच्या पैशानं वेगळं घेतलं होतं. हे मला अलीकडे कळलं.

दुसरा होता मिरकरवाड्याचा, म्हणजे रत्नागिरीच्या मासेमारी बंदरावरचा. घरची बोट. जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, म्हणून त्याला वेळ असायचा. शेडमधला पेंढा त्यानं काढला. साउंडवाल्याचे बॉक्स टेम्पोतून त्यानं आणि त्याच्या भावानं उतरवले. लाइट जाणार हे धरून जनरेटरचं डिझेल आणून ठेवलं. आणि स्टेजच्या मागची चिऱ्याची भिंत उघडी दिसत होती, तर घरातली जाळी आणून वरपासून खालपर्यंत सोडली. मागून एकच निळा दिवा. जाळ्यांची सावली छपरापर्यंत गेली होती. इतकी सुंदर जागा मी त्याआधी पाहिली नव्हती.

आम्ही मुंबई-पुण्यात नोकरीला असलेले पाच जण. आम्ही पोस्टर केलं, गाण्यांची यादी केली, शनिवारी संध्याकाळी सहाला पोचलो.

कोकणात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येक गावात एक ग्रामस्थ मंडळ असतं आणि एक मुंबईकर मंडळ. देवळाचा सभामंडप बांधायचा तर ठराव मुंबईत होतो, वर्गणीचे आकडे मुंबईत पडतात, आणि वाळू चाळायला माणसं गावातली लागतात. शिमग्याला चाकरमानी येतो, पालखीला खांदा देतो, फोटो काढतो, रविवारी रात्रीची गाडी पकडतो. गावकी-भावकी, मानपान हे सगळं मागे टाकून आलोय असं आम्ही एकमेकांना सांगायचो. मी तर मोठ्या तोंडानं सांगायचे.

पहिल्या वर्षी साठ माणसं आली. तिकीट नव्हतं, शेवटी डबा फिरवला. चार पैसे कमी पडले ते ताईनं घातले. कुणी विचारलं नाही, कारण कुणाला दिसलंच नाही.

[दृश्य: वहीची पानं, जवळून. निळ्या शाईतलं बारीक अक्षर.]

ताईची वही दोनशे पानी आहे. आम्हाला चित्रीकरणासाठी तिनं चारच पानं दाखवली, बाकीच्यांवर हात ठेवला. त्यातलं एक पान असं आहे:

पेंढा काढणे, झाडलोट. ९ ते १. मी, तो.
पोलीस ठाणे, अर्ज. ३ फेऱ्या. मी.
बॉक्स उतरवणे. तो, भाऊ.
खुर्च्या पुसणे. मी, तो.
मुंबईची मंडळी आली. सहा वाजता.
कप धुणे. मी. रात्री अडीच.

मी विचारलं, "ताई, हे तू कशाला लिहीत होतीस? पैसे मागायचे होते?"

ती म्हणाली, "नाही गं. मला वाटत होतं मी उगीच दमतेय. म्हणून लिहून बघितलं."

त्या तीन फेऱ्यांबद्दलही सांगायला हवं. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, त्याआधी लावायचा तरी परवानगी लागते. अर्जात कार्यक्रमाचा प्रकार लिहायचा असतो. ताईनं 'सांस्कृतिक' लिहिलं. मग कोणती संस्कृती, कोण येणार, काळे कपडे कशासाठी, यात काही देवाधर्माच्या विरुद्ध नाही ना, हे सगळे प्रश्न तिला एकटीला आले. औषधाच्या दुकानातून अर्धा-अर्धा दिवस रजा काढून ती बाकावर बसली. परवानगी मिळाल्याचा फोटो तिनं आम्हाला पाठवला, तेव्हा आम्ही पाच जणांनी काळ्या बदामाचे पाच इमोजी पाठवले.

[दृश्य: चिपळूण. बाजारपेठ. भिंतींवर पुराची खूण.]

२२ जुलै २०२१. वाशिष्ठी चिपळुणात शिरली. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे गेलो. मुंबईचे, पुण्याचे, रत्नागिरीचे. आठ दिवस दुकानांतून आणि घरांतून चिखल उपसला. फावडी, घमेली, हातमोजे, वरून पाऊस. कपडे काळेच होते, त्यामुळे चिखल दिसत नव्हता. एका किराणा दुकानातून आम्ही भिजून फुगलेली डाळीची पोती ओढून काढली आणि तो दुकानदार मागच्या दारी जाऊन रडला. त्या आठ दिवसांत कोण किती वाजता आलं, कोण बसून राहिलं, हे कुणीही बघितलं नाही. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसं आली होती. आयुष्यात इतकं हलकं मला क्वचित वाटलंय.

पुढे हेच आठ दिवस आमच्या भांडणात आले.

कार्यक्रम नावारूपाला येत होता. वर्षातून एकदा पुरे नाही, दर तीन महिन्यांनी करू, असं आम्ही मुंबईत बसून ठरवलं. दर तीन महिन्यांनी म्हणजे बोटी समुद्रात असतानाही, आणि आंब्याच्या हंगामात शेड भरलेली असतानाही. शेड नसेल तर दुसरी जागा बघा म्हटलं. बघायची कुणी, तर ताईनं. मिरकरवाड्याचा ऑक्टोबरात आलाच नाही, तर आमच्यातला एक म्हणाला, "त्याच्यात आता पहिल्यासारखी आवड राहिली नाही." मीही मान हलवली. तो त्या वेळी रात्रीच्या अंधारात समुद्रात बर्फावर मासे रचत होता.

मग फाटलं. माझ्या हातून फाटलं, म्हणून हा भाग मीच सांगते.

पुढच्या पावसाळ्यातल्या कार्यक्रमाच्या दुपारी मला बाह्या हव्या होत्या. गॉथ पोशाखात जाळीच्या बाह्या, जाळीचे मोजे असतात, पंकपासून चालत आलेली गोष्ट. विकत आणलेल्या घरी राहिल्या होत्या. समोर भिंतीवर जाळं लोंबत होतं. जुनं, उन्हानं विटलेलं, एका कडेला गाठी मारलेलं. मी ताईच्या डब्यातली कात्री घेतली आणि हातभर तुकडा कापला. कुणाला विचारलं नाही. मला ते टाकाऊ वाटलं.

रात्री स्टेजवर मीच आभार मानले. पोस्टर करणाऱ्याचे, गाणी निवडणाऱ्याचे, पुण्याहून आलेल्या बँडचे. मिरकरवाड्याचा वायर धरून स्टेजखाली उभा होता. त्याचं नाव मी घेतलं नाही. मुद्दाम केलं असतं तर निदान भांडण म्हणता आलं असतं. मला ते आठवलंच नाही. हात वर करून बोलत होते, आणि हातावर त्याच्या घरचं जाळं होतं.

तो तेव्हा काही बोलला नाही. बॉक्स टेम्पोत चढवून दिले. सकाळी येऊन जाळी उतरवली, घडी घालताना त्याला भोक दिसलं.

रविवारी जेटीवर बैठक झाली. बैठक कसली, बाचाबाची. ताईनं वही काढली आणि मोठ्यानं वाचली. आमच्यातला एक चिडला, "चिपळुणात चिखल उपसताना कुणी मोजलं होतं का? मग बॉक्स उचलताना कशाला मोजायचं?"

ताई म्हणाली, "पूर एकदा आला होता. तुमचा कार्यक्रम दर तीन महिन्यांनी येतो."

मग लाइपझिगचा दाखला निघाला. जर्मनीतल्या या शहरात १९९२ पासून पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत जगातला मोठा गॉथ उत्सव भरतो, वीसेक हजार माणसं येतात. सन २००० मध्ये उत्सव चालू असतानाच आयोजकांचं दिवाळं वाजलं, कामावरची माणसं निघून गेली. तेव्हा काही बँड बिनपैशांनी वाजवत राहिले आणि आलेल्या लोकांनीच जमेल तेवढं काम अंगावर घेऊन उरलेला उत्सव पार पाडला. आमच्या माणसानं हे सांगितलं ते, खरी आवड असली की असं होतं, हे दाखवायला. ताईनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पुढच्या वर्षी?" पुढच्या वर्षी नव्या आयोजकांनी तो रीतसर उभा केला. हे त्यालाही माहीत होतं. तो गप्प बसला.

मिरकरवाड्याचा तोवर काहीच बोलला नव्हता. उठता उठता म्हणाला, "आमच्यात जाळ्यालाही वाटा असतो."

मला तेव्हा नीट कळलं नाही. माझं घर किनाऱ्यापासून बारा किलोमीटर आत, आमच्याकडे भात आणि काजू. नंतर त्याच्या आईनं समजावलं. पूर्वापार बोट परत आली की मासळीच्या पैशातून खर्च वजा जातो आणि मग वाटे पडतात. माणसांचे वाटे, बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा. तांडेलाचा, म्हणजे बोटीच्या प्रमुखाचा, खलाशापेक्षा मोठा. ज्यानं जे आणलं त्याचं मोल तिथेच, सगळ्यांसमोर होतं. खाली मालवणकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात, तिथे दोराला हात लावणाऱ्याच्या टोपलीतही चार मासे पडतात. पिढ्यान्‌पिढ्या या किनाऱ्याला ठाऊक असलेला हिशेब आम्हाला मात्र कोता वाटला. हिशेब मांडला की आवड विटते, असं आम्ही धरून चाललो होतो.

[दृश्य: मिरकरवाडा बंदर, जुलैची अखेर. बोटींना रंग लावणं चालू. एक बाई जाळं पसरून बसली आहे.]

ही त्याची आई. तिनं मला चहा दिला, मग भोक दाखवलं. माझ्या हाताएवढं लांब होतं. आता तिथे हिरवा दोरा आहे, बाकी जाळं राखी झालेलं. तुणायला तिला तीन दुपारी लागल्या. कापलेली कड सरळ असते, ती म्हणाली, माशानं फाडलेलं तुणायला सोपं. कात्रीनं कापलेलं आधी आणखी उसवावं लागतं, कडेचं शाबूत घर मिळेपर्यंत. हे सांगताना तिची बोटं थांबली नाहीत. दुसऱ्या जाळ्यावर चालूच होती.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "त्याला सांग." त्याला आधीच सांगितलं होतं. तो "बरं" म्हणाला होता.

आता रत्नागिरीत दोन गट आहेत. एकात मुंबईवाले, एकात ताई आणि नवी कॉलेजची पोरं. साउंडवाला दोघांचा एकच. ताईच्या गटात दाराशी वही टांगलेली असते, जो येतो तो आपलं काम आणि वेळ लिहितो, डब्यातल्या पैशांतून आधी डिझेल, टेम्पो आणि चहा सुटतो. कार्यक्रम फक्त जून-जुलैत. गेल्या वेळी मी दुपारी बाराला पोचले, कप धुतले, लिहिलं. ताईनं अक्षर बघून "नीट लिही" म्हटलं. आमच्यात पूर्वीसारखं बोलणं होत नाही. मुंबईच्या गटातले दोघं माझ्याशी अजिबात बोलत नाहीत, हा चित्रपट करायला घेतल्यापासून तर नाहीच.

मिरकरवाड्याचा दोन्हींकडे जात नाही.

[दृश्य: ऑगस्टची पहिली पहाट. बोटी बंदरातून बाहेर पडतात. दिवे लांब जातात.]

मी त्याला विचारलं, गाणी ऐकतोस की सोडलीस? तो बर्फाचे खोके मोजत होता. मोजून झाल्यावर म्हणाला, फोनमध्ये भरून नेतो, बाहेर रेंज नसते. जाळं टाकून झालं की ओढेपर्यंत वेळ असतो, तेव्हा लावतो. पहिल्या खेपेला तांडेलानं विचारलं होतं, "कोण मेलं रे?" आता विचारत नाही. ती सुरुवातीची टकटक बराच वेळ चालते ना, साडेनऊ मिनिटांच्या गाण्यातली. तांडेलाला ती पाठ झालीय. बेस कधी उतरणार ते तो आधीच, सुकाणूवर बोट आपटून दाखवतो.