हुंकार

(काळोखी खोली. पंख्याची घरघर. पलंगापासून लांब, कपाटावर पालथा ठेवलेला फोन.)

डोंबिवली पूर्व. रात्रीचे पावणेदहा. या घरात आता एकच आवाज चालू आहे, आणि तो इथला नाही. चिपळूणजवळच्या एका गावातून तो व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय. लांबी ११ मिनिटं.

(आजीचा आवाज : "एक होती चिऊ, एक होता काऊ...")

ऐकणारा साडेचार वर्षांचा आहे. आई रात्रपाळीला गेलीय. बाबा लोकलच्या गर्दीतून सुटून घरी येईतो नऊ वाजतात. मग जेवण, उद्याचा डबा, युनिफॉर्मची शोधाशोध. गोष्ट सांगायला बसलेल्या बाबांना मुलाच्या आधी डुलकी लागते, आणि गोष्टीतला कावळा भलतंच काहीतरी बोलायला लागतो. म्हणून आजीला साकडं घातलं.

आजीने रेकॉर्डिंग केलं ते स्वयंपाकघरातच बसून. त्यामुळे कौलांवरचा पाऊस त्यात आहे, आजीचा खोकला आहे, आणि चौथ्या मिनिटाला एक बोकाही आहे. "जा मेल्या, दुधात तोंड घालतोस?" एवढं बोलून आजी परत चिऊच्या घरात शिरते. बाबांनी एकदा तेवढा तुकडा कापून फाईल नीटनेटकी केली. मुलगा अंथरुणात उठून बसला. "बोका कुठे गेला?" त्याच्या लेखी तो बोका गोष्टीतलाच. बाबांना जुनी फाईल परत लावावी लागली.

(पावसाचा आवाज वाढतो.)

चिऊ-काऊची गोष्ट आपण इतक्यांदा ऐकलीय की तिच्याकडे नीट पाहायचं राहूनच जातं. काऊचं घर शेणाचं, ते पावसात वाहून गेलं. तो चिऊच्या दारात येऊन हाका मारतो. चिऊ काय म्हणते? थांब, बाळाला आंघोळ घालते. थांब, बाळाचं अंग पुसते. थांब, तीट लावते. थांब, बाळाला झोपवते. घरोघरी हा क्रम थोडा बदलतो, पण पाहा, ही तर झोपायच्या आधीची सगळी तयारीच आहे, एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने. रोज तेच, त्याच क्रमाने करा, असं आज बालरोगतज्ज्ञही सांगतात. शिवाय पुढे काय होणार हे मुलाला आधीच ठाऊक असतं. उत्सुकता ताणली की डोळे उघडतात. पाठ असलेली गोष्ट ते मिटू देते.

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते, दुपारची धरून. या घरात सकाळी पावणेसातला उठायचं असतं. म्हणजे रात्रीचे जेमतेम नऊ तास. उरलेली भर पाळणाघरातल्या दुपारवर. इथे अर्ध्या तासाची रडारडसुद्धा महाग पडते.

मग कार्टून का नको? पडद्याच्या उजेडामुळे. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढायला लागतं आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग अगदी स्वच्छ असतं, त्यामुळे मोठ्यांपेक्षा जास्त उजेड आत शिरतो. कानावर पडणाऱ्या गोष्टीला दिवा लागत नाही. फोन पालथा आहे, तो याचसाठी.

(जुन्या बाहुलीचं छायाचित्र. धातूचं धड, पाठीत दांडी.)

रेकॉर्ड केलेल्या आवाजाने मुलांना रिझवायचा पहिला मोठा प्रयत्न मात्र पार फसला होता. १८९० साली एडिसनने बोलकी बाहुली बाजारात आणली. तिच्या पोटात आवाज कोरलेलं मेणाचं सिलिंडर. पाठीतली दांडी फिरवली की ती एखादं बालगीत म्हणायची. काही बाहुल्यांत झोपण्यापूर्वी म्हणायची एक प्रार्थनाही होती. आवाज कारखान्यातल्या मुलींचे, पण सिलिंडरमधून निघेतो ते असे चिरके व्हायचे की आज ऐकतानाही अंगावर काटा येतो. शिवाय ती नाजूक, पटकन बिघडणारी. काही आठवड्यांत विक्री बंद झाली. त्या बाहुलीकडून प्रार्थना ऐकून कुणाला झोप लागली असेल, असं वाटत नाही.

१९६३ साली कॅसेट आली. तिची सगळ्यात उपयोगी गोष्ट कुणी जाहिरातीत सांगितली नसेल : ती संपायची. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. मग टेपचं बटण खट्कन वर यायचं आणि खोली शांत. फोन असा आपणहून गप्प बसत नाही. एक गोष्ट संपली की दुसरी, आणि मधे कर्कश आवाजात साबणाची जाहिरात. इथे बाबांनी गोष्ट डाउनलोड करून ठेवलीय आणि अकरा मिनिटांचा टायमर लावलाय.

आवाजही बेताचा. कॅनडात संशोधकांनी बाळांना झोपवण्यासाठी विकली जाणारी १४ ध्वनियंत्रं तपासली होती. पूर्ण आवाजावर, ३० सेंटीमीटर अंतरावर, ती सगळीच ५० डेसिबलच्या वर गेली. तीन तर ८५च्याही वर. फोन उशीखाली न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला बरा.

(फोनमधली आजी : "...काऊ म्हणाला, चिऊताई, चिऊताई, दार उघड...")
(मुलगा, हळूच : "हुं.")

ऐकलंत? गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा, ही आपली जुनी रीत. सांगणारीचा कान त्या "हुं"कडेच असतो. तो लांबला की ती आवाज उतरवते. थांबला की गोष्ट अर्ध्यावर सोडून पांघरूण सारखं करते.

फोनला हुंकार ऐकू येत नाही. टायमर हा त्याचा फारच ओबडधोबड पर्याय. पोरगं तिसऱ्या मिनिटाला झोपलं तरी काऊ दारात उभाच, आणि जागं असलं तरी अकरा मिनिटांनी आजी गप्प. हे आजीलाही माहीत असावं. प्रत्येक ओळीनंतर ती थोडी थांबते. गावात, रिकाम्या स्वयंपाकघरात, समोर कुणी नसताना, "हुं"पुरती जागा सोडते.

आता त्या जागेत बाबा आहेत. मुलाच्या शेजारी, अंधारात, आडवे.

(आजी : "...थांब, माझ्या बाळाला तीट लावते...")
(मुलगा : "हुं." बाबा : "हुं.")
(आजी : "...थांब, माझ्या बाळाला झोपवते...")
(मुलगा : "हुं.")
(शांतता. पंखा.)
(मुलगा, कुजबुजत : "आजी, बाबा झोपला.")