घरखर्चाला कात्री लावायची, पण कुठे?

श्रोतेहो, नमस्कार.

घरात पैशांची ओढाताण सुरू झाली की काटकसरीचा पहिला घाव कुठे बसतो, हे बचत गटांच्या हिशोबाचं काम करताना मी कायम पाहत आले आहे. दूध एक लिटरवरून अर्ध्या लिटरवर येतं. फळं बंद होतात. मुलांच्या डब्यातला शेंगदाण्याचा लाडू जातो. घरातली बाई आपली दुखणी अंगावर काढायला लागते. भाजीवालीशी पाच रुपयांवरून घासाघीस होते. एवढं सगळं करूनही वीस तारखेला हात आखडताच. म्हणून आज मला आपल्याला एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे. काटकसरीची सुरुवात ताटापासून करू नका. ताटातून वाचतं थोडं आणि ते पुढे दवाखान्यात भरावं लागतं.

मग पैसा जातो तरी कुठे? आमच्या एका गटातल्या ताईंचं उदाहरण सांगते. नवरा कारखान्यात, त्या स्वतः घरी शिवणकाम करतात. मला म्हणाल्या, "अहो ताई, मी एक रुपया उधळत नाही, तरी पुरत कसं नाही?" त्यांचं म्हणणं खरंच होतं. आम्ही दोघी बँकेच्या खात्याचा महिनाभराचा उतारा घेऊन बसलो आणि वहीच्या पानावर दोन रकाने आखले. पहिल्यात, आपण ठरवून केलेले खर्च. दुसऱ्यात, आपल्याला न विचारता गेलेले पैसे.

पहिला रकाना त्यांना पाठच होता. दुसरा भरत गेला तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. सिनेमा-मालिकांच्या दोन ॲपची वर्गणी. मुलाने कधीतरी उतरवलेल्या खेळाचे दरमहा कापले जाणारे पैसे. कुणी वापरत नसलेल्या सिमकार्डाचं रिचार्ज. हप्त्याच्या दिवशी खात्यात शिल्लक कमी पडली म्हणून बसलेला दंड. आणि सगळ्यात खाली, सगळ्यात मोठा आकडा, क्रेडिट कार्डाचं व्याज. बेरीज मारली तेव्हा ती महिन्याच्या किराण्याच्या निम्म्याच्या आसपास निघाली. भाजीत पाच-पाच रुपये वाचवणाऱ्या घरातून हे पैसे निमूट जात होते, कारण त्यासाठी कुणाला पाकिटात हात घालावा लागत नव्हता.

यातला काही भाग त्याच दुपारी थांबला. फोनवरून पैसे देण्याचं जे ॲप आपण वापरतो, त्यात 'ऑटोपे' असा एक भाग असतो. आपल्या खात्यातून दरमहा पैसे कापण्याची परवानगी आपण कुणाकुणाला देऊन ठेवली आहे, ते तिथे दिसतं आणि तिथूनच ती परवानगी काढूनही घेता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. तो संदेश जाहिरात समजून पुसू नका, वाचा.

आता व्याजाकडे येते. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण घरं पोखरतं ते हेच.

क्रेडिट कार्डाची थकबाकी राहिली की बहुतेक बँका महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज लावतात. महिन्याचा आकडा लहान दिसतो, वर्षाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याही वर जातो. समजा, वीस हजार रुपये थकले आणि दर साडेतीन टक्के आहे. एका महिन्याचं व्याज झालं ७०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १२६. बिलावर 'किमान भरायची रक्कम' असं काहीतरी लिहिलेलं असतं. तेवढीच म्हणून आपण हजार रुपये भरले आणि निश्चिंत झालो. त्या हजारातले ८२६ व्याजात आणि करात गेले. मूळ कर्ज कमी झालं फक्त १७४ रुपयांनी! शिवाय पूर्ण बिल भरलं नाही, तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते; काल आणलेल्या साबणावरसुद्धा व्याज सुरू होतं. घरात अशी थकबाकी असेल तर बाकी सगळे बेत बाजूला ठेवा आणि आधी ती फेडा. त्यासाठी गटातून महिना दोन टक्क्यांनी कर्ज घ्यावं लागलं, तरी ते स्वस्तच पडेल. आणि फिटलं की कार्ड कपाटात ठेवा.

दुकानात 'बिनव्याजी हप्ता' असा फलक दिसतो, त्याचंही तसंच. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. रोखीने घेणाऱ्याला मिळाली असती ती सूट आपण सोडतो, वर प्रक्रिया शुल्क देतो, त्यावर कर देतो. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : "आत्ता सगळे पैसे दिले तर कितीला द्याल?" दोन आकड्यांतला फरक, तेच व्याज.

हे दुखणं आजचं नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले, त्यांनी कर्जाचे कागद आणि वह्या जाळल्या, आणि तो वणवा पुणे-नगर भागातल्या गावागावांत पसरला. चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. त्या काळी साहेबलोकांचं ठाम मत असे की हा शेतकरी लग्नकार्यात पैसा उडवतो म्हणून बुडतो. आयोगाने मात्र नोंदवलं की लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त दोष दिला गेला आहे. लग्न क्वचित येतं. बियाणं, बैल, पोटापुरतं धान्य आणि सरकारी सारा यांसाठी वेळोवेळी काढलेल्या लहान लहान रकमा व्याजाने फुगत जातात आणि माणूस त्यात अडकतो. दीडशे वर्षं झाली, तरी गरिबाला "तुम्हीच उधळे" म्हणण्याची सवय गेलेली नाही, याचं मला वाईट वाटतं. ऋण काढून सण करू नये, हे गाडगेबाबांनी कीर्तनातून गावोगाव सांगितलं, आणि ते शिरोधार्यच आहे. पण सण न करताही ऋण वाढतं, तिकडेही बघायला हवं.

आता विजेचं बिल. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आहेत. पहिली १०० युनिट स्वस्त. १०१ ते ३०० या टप्प्यात युनिटचा दर जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे शंभराच्या पुढचं प्रत्येक युनिट वाचवलं तर त्याचे पैसे भारी. आणि ही युनिटं कोण खातं? सगळे दिव्यांच्या बटणावर डोळा ठेवून असतात, पण एलईडी दिवा घेतो किती, तर नऊ-दहा वॅट. छतावरचा जुना पंखा घेतो साधारण ७५ वॅट, आणि तो उन्हाळ्यात पंधरा-पंधरा तास फिरतो. नवा बीएलडीसी मोटरचा पंखा तीसेक वॅटवर चालतो. रोजचे पंधरा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. हा पंखा महाग असतो, खरं आहे. पण जुना जळाल्यावर त्याच्या मोटरची तार पुन्हा गुंडाळून आणण्याऐवजी तेव्हा हा घ्या, जास्तीचे पैसे बिलातून वसूल होतात. पाण्याचा दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं. चौघांनी तास-दोन तासांच्या अंतराने आंघोळी केल्या की तो चार वेळा तापतो. लागोपाठ केल्या की भागतं.

गॅसचं आपल्याला माहीत आहेच : डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून कुकरला लावणं, कुकरची वाफ धरली की आच कमी करणं, ज्योत पिवळी दिसली की बर्नर साफ करणं. किराण्यात पाकिटावर आता एका ग्रॅमची किंवा एका नगाची किंमत छापलेली असते, ती बघा. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त असतंच असं नाही. आणि उन्हाळ्यात नवा गहू बाजारात आल्यावर वर्षाचं धान्य भरण्याची आपल्या घरांतली रीत, जागा आणि हातात रोकड असेल तर जरूर पाळा. उसने पैसे काढून मात्र कोठी भरू नका.

औषधांबद्दल. रक्तदाब, मधुमेह अशा रोजच्या गोळ्या ज्या घरात आहेत, त्यांनी जवळचं जनऔषधी केंद्र शोधावं. तिथे औषध कंपनीच्या नावाने न मिळता मूळ द्रव्याच्या नावाने मिळतं, आणि निम्म्या किमतीत, कित्येकदा त्याहूनही स्वस्त. बदलण्याआधी डॉक्टरांना चिठ्ठीवर मूळ द्रव्याचं नाव लिहून द्यायला सांगा, गोळी त्यांना दाखवा. गोळी एक दिवसाआड घेऊन पैसे वाचवणारी माणसं मला भेटतात, तेव्हा जीव तुटतो. असं करू नका.

काही खर्चांना हात लावायचाच नाही. दूध, डाळ, अंडी, मुलींचं शिक्षण, आरोग्य विम्याचा हप्ता. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी तर सप्टेंबर २०२५ पासून उठलाच आहे. आणि भाजीवालीशी घासाघीसही सोडून द्या. तिचंही आपल्यासारखंच घर आहे.

शेवटी, वाचलेल्या पैशांचं. ते घरातच राहिले तर कशात गेले ते कळतही नाही. पोस्टात आवर्ती ठेवीचं खातं महिना १०० रुपयांपासून उघडता येतं, मुदत पाच वर्षांची. ते घरातल्या बाईच्या नावावर उघडा आणि पैसे पगाराच्या दुसऱ्याच दिवशी भरा. किती भरायचे, ते त्या दुसऱ्या रकान्यातून ठरवा : या महिन्यात तिथली जी वर्गणी, जो दंड, जे व्याज बंद झालं, तेवढीच रक्कम. त्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी असंच खातं उघडलं. मुलाला सांगून खेळाचे पैसे बंद केले, आणि दूध पुन्हा एक लिटर घ्यायला लागल्या.

नमस्कार.